वाकळा धुवायला बसल्यावर दिसतं ते खानापूर

मा. संपादक महोदय यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आमच्या खानापूरची ओळख करून दिली आहे. अर्धं पान, मधोमध पुलावरून काढलेला मलप्रभेचा फोटो, खाली हलशीचं देऊळ. वाचून बरं वाटलं. एरवी आमचं गाव पेपरात येतं ते अपघात झाला, हत्ती भातात शिरले किंवा मोर्चा निघाला तरच. पण त्यात खानापूरला पश्चिम घाटाच्या जंगलाचं प्रवेशद्वार म्हटलं आहे, आणि पाहुण्यांनी इथं चहा घेऊन पुढं जावं असं सुचवलं आहे. मी गेली पंचेचाळीस वर्षं त्या दारात राहते. शिलाईचं मशीन खिडकीपाशी आहे, खिडकीतून नदीच्या घाटाच्या वरच्या चार पायऱ्या दिसतात. पुढं जंगलात निघालेल्या माणसाला ह्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून लिहिते. लिहायची सवय नाही. माझी भाषा सुधारून छापू नका, शुद्धलेखन तेवढं बघा.

आधी एक दुरुस्ती. मलप्रभा जांबोटीच्या जंगलात उगम पावते असं आपण लिहिलंय. ती कणकुंबीला उगम पावते, माऊलीच्या देवळापाशी. जांबोटी खाली राहिली. आमच्या तालुक्याची गंमत अशी की दोन नद्या एकमेकींना पाठ लावून निघतात. मलप्रभा पूर्वेला येते, तीनशे किलोमीटरांहून जास्त वाट तुडवून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. देगावच्या बाजूची म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं तिला मांडवी म्हणतात. एकीचं पाणी बंगालच्या उपसागरात, दुसरीचं अरबी समुद्रात. पाऊस मात्र दोघींवर एकाच ढगाचा.

कणकुंबीहून पाणी आमच्यापर्यंत येतं ते आम्हाला आधी कळतं. वाटेत हब्बनहट्टीला नदीपात्रातच मारुतीचं देऊळ आहे. आषाढात ते देऊळ पाण्याखाली गेलं की गल्लीत बातमी येते, ‘मारुती बुडाला’. मग आम्ही खालच्या पायरीवरच्या बादल्या, दोऱ्या वर आणतो. असोग्याच्या रामलिंगाशी पाणी लागलं की समजायचं, आता आपली पाळी. ह्याला हवामान खातं लागत नाही. संक्रांतीला त्याच दोन्ही ठिकाणी लोक आंघोळीला जातात, तेव्हा तीच नदी गुडघाभर असते.

मी मूळची बेळगावच्या शहापूरची. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, म्हणून आमचे आजोबा मरेपर्यंत ‘आम्ही सांगलीकरांचे’ म्हणायचे. विणकराचं घर. झोपेतसुद्धा मागाचा खटखटाट. १९७९ साली लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या रात्री झोप लागली नाही, आवाज नव्हता म्हणून. पहाटे लागली तर चार वाजता घाटावर धुण्याची धोपटाधोपट सुरू झाली. मला वाटलं माग सुरू झाले. तेव्हापासून माझं ह्या गावाशी जमलं.

आमच्या घाटाचा दिवस कसा जातो ते आपल्या वार्ताहराला पुलावरून दिसलं नसणार. पहाटे आंघोळवाले, त्यात म्हातारे जास्त. सातच्या सुमाराला आम्ही बायका धुणं घेऊन. दहा वाजले की दहाव्याची मंडळी येतात, भटजी येतात, कावळ्याची वाट बघणं सुरू होतं. त्या वेळी आम्ही आवाज कमी करतो, कोणी सांगावं लागत नाही. दुपारी म्हशी. चारला शाळा सुटली की पोरं उड्या मारायला, आणि त्यांच्या आया वरून शिव्या घालायला. कर्नाटकी बेंदराला बैल धुवायला एवढी गर्दी की पायरी दिसत नाही. गणपती इथंच जातात. एकाच पाण्यात एवढी कामं, आणि भांडण वर्षाला एखादं. ते पण दगडावरून.

दगडाचं सांगते. घाटावरचे धुण्याचे दगड कोणाच्या नावावर नाहीत, तरी ज्याचा त्याचा दगड ठरलेला. आमचा पायऱ्यांपासून चौथा, मधोमध खळगा पडलेला. तो खळगा माझ्या आजेसासूपासूनचा म्हणतात. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी मला तिथं बसवलं. माहेरी आम्ही आडाच्या पाण्यात बादलीत धुणारे, मी दगडावर हळूहळू लुगडं चोळत बसले. सासूबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या, ‘धुणं धूवूलैस की त्याला न्हाऊ घालूलैस गे?’ सगळा घाट हसला. त्यातल्या एका कानडी अक्कानं, ती आमच्या समोरच राहते, माझ्या हातातून लुगडं घेतलं आणि आपटून दाखवलं. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. आज तिच्या सुनांचे ब्लाउज मी शिवते आणि माप ती कानडीत सांगते.

पण घाट खरा बघायचा तो अनंत चतुर्दशी झाल्यावर, घट बसण्याआधीच्या पंधरवड्यात. तेव्हा वाकळा निघतात. तुमच्याकडं गोधडी म्हणत असतील. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वाकळ धुतली पाहिजे, हा नियम ब्राह्मणापासून कुंभारापर्यंत सगळ्यांना. जुन्या नऊवारी लुगड्यांचे चार-पाच थर, मध्ये धोतरं, कधी फाटकी चादर, आणि वरून टाके. मी शिवणारी बाई, मला वाकळ वाचता येते. ही किनार थोरल्या जावेच्या लग्नातली, हा निळा तुकडा आमच्या मालकांच्या, म्हणजे यजमानांच्या, कारखान्यातल्या शर्टाचा. कोरडी वाकळ एका काखेत मावते. भिजली की दोन बायकांना उचलत नाही. सोडा घालून आदल्या रात्री भिजवायची, रिठे असले तर उत्तम. सकाळी दगडावर पसरून पायानं तुडवायची, मग धोपटण्यानं बडवायची, मग वाहत्या पाण्यात सोडून चारी टोकं धरायची. ही टोकं धरायची अक्कल येते तेव्हा पोरगी मोठी झाली असं आमच्याकडं समजतात. टोक सुटलं तर वाकळ पुलापलीकडं. माझी एक गेली आहे, १९८८ ला, अजून हळहळते.

पिळायला दोघी लागतात. एकीनं डावीकडं पीळ द्यायचा, दुसरीनं उजवीकडं, आणि मधून पाणी गळतं तेव्हा दोघी मागं सरकायच्या. तुमची जोडीदार कोण हे आधी ठरलेलं असतं. माझी जोडीदार तीच समोरची अक्का. ह्या पंधरवड्यात कुंपणं, गच्च्या, पुलाचे कठडे, जिथं जागा मिळेल तिथं वाकळा. पावसाची सर आली की वरून कोणीतरी ओरडतं, ‘बंतु, बंतु!’ म्हणजे आला. कानडी शब्द, पण त्यावर मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या सारख्याच पळतात. मी एकदा बेळगावात भावाच्या घरी पाऊस आल्यावर ‘बंतु’ म्हणून ओरडले, सगळे माझ्याकडं बघायला लागले.

कौलांबद्दल आपण एकच ओळ लिहिलीत. खानापूरची कौलं प्रसिद्ध आहेत, बास. माझा संसार त्या ओळीवर झाला. आमचे मालक कौलांच्या कारखान्यात होते. इथली माती लाल, चिकट, भाताच्या रानातली. ती आणायची, भिजवायची, यंत्रात मळायची, साच्यात दाबायची, मंगळुरी कौल निघतं. मग ते घोडीवर, म्हणजे मांडणीवर, सावलीत वाळवायचं. उन्हात घातलं की तडकतं. मग भट्टी. भट्टी लागली की मालक दोन रात्री घरी नसत. त्यांच्या सदऱ्याची कॉलर कधी पांढरी झाली नाही, कितीही धुवा, नदीत लाल पाणी सुटायचं. सासूबाई म्हणायच्या, पगार अर्धा मातीत येतो. हातानं थापलेली नळीची कौलं त्याहून जुनी, ती कुंभारवाड्यात व्हायची. खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकाम शिकवायचं केंद्र इथं बऱ्याच वर्षांपासून आहे, लांबलांबची पोरं चाक शिकायला आलेली मी बघितली आहेत. माठ आणि कुंड्या अजून खपतात. कौलांचं दिवसेंदिवस कमी. ज्याच्याकडं चार पैसे येतात तो आधी स्लॅब घालतो, ज्याच्याकडं नाहीत तो पत्रा घालतो. कौलं आमच्यासारख्या मधल्यांच्या घरावर राहिली. दर वर्षी मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो जाऊन आठ दिवस होत नाहीत तोवर माकडं येऊन कौलं फोडतात. आपल्या लेखात निसर्गरम्य म्हटलंय त्यात ही माकडं पण धरा.

२०१९ च्या ऑगस्टचा पूर आपण फोटोसकट छापला होता, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी मशीन बाजेवर ठेवलं आणि बाजेखाली विटा. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस पोत्यात घालून माळ्यावर. एकाही बाईचा कपडा भिजला नाही. पाणी उतरल्यावर दारात गाळ होता, तो कुंभारमामांनी घमेल्यानं भरून नेला, म्हणाले ही माती फुकट कुठं मिळते.

आता ज्याच्यासाठी बसले आहे ते. घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या दगडापासून वीस-पंचवीस पावलांवर, एक गटार नदीत पडतं. पूर्वी ती पावसाळी नाली होती, वर्षातले आठ महिने कोरडी. वर घरं वाढली, संडास वाढले, आता ती बारा महिने वाहते. पावसाळ्यात नदी मोठी असते, ओढून नेते, कळत नाही. दिवाळीनंतर बंधाऱ्याला फळ्या घातल्या की पाणी तुंबतं आणि ते सगळं आमच्या पायरीशी येऊन उभं राहतं. मार्चमध्ये तिथं उभं राहवत नाही. दहाव्याला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून पिंड ठेवतात. पोरांच्या अंगाला खाज येते, आता आया वरून शिव्या घालत नाहीत, खाली येऊन ओढून नेतात. माझ्या गल्लीतल्या बायका हळूहळू घाट सोडून नळाच्या पाण्यावर धुवायला लागल्या. नळाला पाणी दोन दिवसांआड. वाकळ दोन बादल्यांत धुऊन बघा.

मी अर्ज दिला. कुठं दिला ते लिहीत नाही, उगाच नावं नकोत. मराठीत लिहून नेला तर म्हणाले, कानडीत आणा. ठीक आहे, १९५६ ला आम्ही कानडी राज्यात गेलो तेव्हापासून हे चाललंय, मी एकटी आज काय भांडू. नातीनं कानडीत लिहून दिला. ती कानडी शाळेत पहिली आली आहे आणि घरी माझ्याशी मराठीत भांडते. अर्जावर शिक्का मारून दिला, आवक क्रमांक दिला. तीन महिन्यांनी विचारायला गेले तर दुसरा माणूस होता. तो म्हणाला, आजी, तुमच्याकडं वॉशिंग मशीन नाही का? मी म्हटलं, शिलाई मशीन आहे. त्याला वाटलं मी विनोद केला.

दुसरं एक मला समजत नाही, ते आपण समजावून सांगावं. कणकुंबीला म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचा कालवा खणलाय, मी माऊलीला गेले तेव्हा बघितलाय. म्हादईच्या पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यातलं कळशाचं १.७२ आणि भांडुरा ह्या दुसऱ्या नाल्याचं २.१८. हे आपल्याच पेपरात वाचलं, कात्रण कपाटात आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, असं मुलानं सांगितलं. मला घनफूट कळत नाही, वार कळतं. पण एवढं कळतं की त्या पाण्यावरून तीन राज्यं इतकी वर्षं कोर्टात भांडली, जंगल जाणार म्हणून आमच्या तालुक्यातले लोक वेगळे भांडले, आणि त्यातलं जे पाणी येईल ते आमच्या घाटावरून, त्या गटाराला भेटून पुढं जाईल. पुढं सौंदत्ती तालुक्यात नविलुतीर्थाचं धरण. त्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाडला पितात. आमच्या मालकांची बहीण हुबळीला दिलेली. ती आली की मी सांगते, वन्सं, तुम्हाला आम्ही रोज काहीतरी पाठवतोच.

गटार खालच्या अंगाला वळवायला किती पैसे लागतील हे मला माहीत नाही. गावाचं सांडपाणी शुद्ध करून सोडावं हे मोठं काम, ते व्हायचं तेव्हा होईल, व्हायलाच पाहिजे. पण तोवर निदान त्याचं तोंड घाटाच्या वर नको, खाली असू दे. पाईप दीडशे पावलं लांबवायचा आहे. मी स्वतः मोजलीत, पहाटे, कोणी बघत नसताना. गल्लीतल्या तेवीस घरांच्या सह्या माझ्याकडं आहेत, त्यातल्या नऊ अंगठे आहेत.

आणि एक भीती आहे. हल्ली जिथं नदी तिथं सुशोभीकरण करतात. फरशी, कठडा, रंगीत दिवे, बसायला सिमेंटचे बाक. आपल्या लेखातही शेवटी तशी सूचना आहे. फरशी घातली की पहिले आमचे दगड जातील. सोड्याचं पाणी फरशीवर पडलं की पाय घसरतो, मग एक पाटी लागेल, कपडे धुण्यास मनाई आहे. फोटो चांगला येईल. म्हणून आधीच सांगून ठेवते, पायऱ्या दुरुस्त करायच्या तर करा, दगड हलवायचे नाहीत. चौथा तर नाहीच.

आपल्या वार्ताहराला माझं आवतण आहे. घट बसायला अजून बारा दिवस आहेत. पाऊस उघडलेली सकाळ बघून सातला या, पुलावर थांबू नका, शिवस्मारकावरून नदीकडं कोणालाही विचारा. बदलायला एक कपड्यांचा जोड आणा, कारण पायरीवर नुसतं उभं राहिलेलं कोणाला चालत नाही, कोणीतरी वाकळेचं टोक हातात देईलच. अक्काला यंदा गुडघ्यानं त्रास दिलाय, त्यामुळं मला पिळायला जोडीदार नाही. माझ्या चार वाकळा आहेत. चहा मी देईन.

पत्र लांबलं. कापायचं असेल तर कौलांचं कापा, पाईपचं ठेवा. माझं नाव छापू नये ही विनंती, गल्लीत सगळे ओळखतीलच.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
नदीकाठची गल्ली, खानापूर, जि. बेळगाव